नॅरोबोटीवरून पहाटेचा कालवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडातल्या लेकीकडे किंवा भाच्याकडे सुट्टीला येणारी मंडळी आणि इथेच राहणारे मराठी मित्र, नॅरोबोटीचा विषय निघाला की फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उदाहरणं बहुतेक लँगॉथलेन कालव्याची आहेत. हा कालवा इंग्लंडातल्या हर्लस्टनपासून वेल्समधल्या लँगॉथलेन गावापर्यंत जातो. उन्हाळ्यात तिथे गर्दी असते हे खरं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच निवडावा. आणि गर्दी टाळायची असेल तर पहाटे उठावं.

नॅरोबोट म्हणजे केरळसारखी हाउसबोट का?

नाही. केरळातली हाउसबोट ऐसपैस असते आणि ती चालवायला तिचे लोक असतात. नॅरोबोट जेमतेम 6 फूट 10 इंच रुंद, लांबीला मात्र 70 फुटांपर्यंत, आणि चालवायची आपण. अठराव्या शतकात इंग्लंडच्या मध्य भागात कालवे खणले तेव्हा त्यांवरची बरीचशी लॉक (म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली कुंडं) साधारण 7 फूट रुंद बांधली, म्हणून बोटीही तेवढ्याच अरुंद झाल्या. पलंग, ओटा, शॉवर, संडास, बसायची जागा हे सगळं रेल्वेच्या डब्यासारखं एकामागे एक. एके काळी याच बोटी कोळसा वाहायच्या आणि काठावरून घोडा त्या ओढायचा. आता डिझेल इंजिन असतं, पण घोड्याची पायवाट अजून आहे. तिला टोपाथ म्हणतात.

कालवा म्हटल्यावर मुठेचा किंवा नीरेचा कालवा डोळ्यांपुढे येत असेल तर तो बाजूला ठेवा. ते शेतीच्या पाण्याचे. हे मालवाहतुकीसाठी खणलेले. गंमत अशी की लँगॉथलेनचा कालवा वाचला तो पाणीपुरवठ्यामुळेच. 1944 साली तो वाहतुकीला बंद करण्याचा कायदा झाला होता. पण डी नदीचं पाणी याच कालव्यातून हर्लस्टनच्या जलाशयात जात होतं आणि 1955 साली तिथल्या पाणीपुरवठा मंडळाशी करार झाला, म्हणून तो बुजवला गेला नाही. त्या पाण्यामुळे या कालव्याला चक्क प्रवाह आहे. लँगॉथलेनकडे जाताना बोट रेंगाळते आणि परत येताना तीच बोट आपसूक पळते.

लायसन्स लागतं का?

भाड्याची बोट चालवायला नाही. बोट ताब्यात देताना भाड्याने देणारे सगळं दाखवतात, थोडं अंतर सोबतही येतात. बहुतेक ठिकाणी किमान दोन प्रौढ माणसं लागतात.

सुट्टीत पहाटे कशाला उठायचं? आरामात नऊला निघालं तर?

निघा की. कालव्यावरचे निम्म्याहून अधिक लोक तेच करतात, आणि म्हणूनच साडेनऊला लॉकपाशी रांग लागते.

पहाटेचे फायदे दोन. एक उघड आहे: पाणी स्थिर, वारा पडलेला, समोरून कोणी येत नाही. नॅरोबोटीची बाजू म्हणजे पन्नास-साठ फुटांची सपाट भिंत, त्यामुळे दुपारचा आडवा वारा नवख्या माणसाला सरळ झुडपात नेऊन घालतो. पहाटे तीच बोट शहाण्यासारखी वागते. दुसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही. सकाळी दहा-अकराला तुम्ही मुक्कामाच्या गावी पोचता, तेव्हा आदल्या रात्रीच्या बोटी नुकत्याच निघून गेलेल्या असतात आणि काठावर जागाच जागा असते. संध्याकाळी पाचला एल्समिअरला किंवा लँगॉथलेनला बोट बांधायला जागा शोधून बघा, म्हणजे कळेल.

पहाट म्हणजे नक्की किती वाजता?

इथली पहाट महिन्यागणिक सरकते. जूनच्या मध्यावर या भागात पाचच्या आधीच सूर्य उगवतो. सप्टेंबरच्या शेवटी सात वाजतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे करण्याआधी जवळजवळ आठ. माझ्या मते मे महिना आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध सगळ्यात सोयीचे. जूनमधली पहाट गाठायची तर चारचा गजर लावावा लागतो, आणि तेवढं वैराग्य सुट्टीत फार कमी लोकांकडे असतं.

अंधारातच निघालं तर?

भाड्याच्या बोटीला सहसा परवानगी नसते; करारात वाचून घ्या. पुढे दिवा असतो, पण तो बोगद्यासाठी. काठावरची फांदी, वळणावरची बांधलेली बोट, पाण्यात वाहत आलेला ओंडका यांतलं काहीच त्या दिव्यात धड दिसत नाही. समोरच्या पुलाची कमान स्पष्ट दिसायला लागली की निघा.

सकाळी आठच्या आधी इंजिन चालू करायला बंदी आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याची अर्धवट उत्तरं फिरत असतात. इंग्लंड आणि वेल्समधले बरेचसे कालवे 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. त्यांचा नियम असा: बोट बांधून ठेवलेली असताना, बॅटऱ्या चार्ज करायला म्हणून, रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही. अपवाद एकच, आसपास कोणाला ऐकू जाणार नाही अशा एकांतात असाल तर. निघण्यासाठी इंजिन सुरू करून लगेच चालू पडायला बंदी नाही.

पण नियमात बसतं म्हणून सगळं चालतं असं नाही. पोलादी बोटीच्या आत झोपलेल्या माणसाला शेजारच्या डिझेल इंजिनची धडधड पलंगातून ऐकू येते. पाच वाजता इंजिन सुरू करून, ते तापेपर्यंत आत जाऊन चहा टाकणारा माणूस कालव्यावर सगळ्यात नावडता. इंजिन सुरू झालं की एका मिनिटात दोर सुटलेले असायला हवेत.

मग रात्री बोट बांधायची कुठे?

पहाटेचं सगळं गणित आदल्या संध्याकाळीच सुटतं किंवा बिघडतं. गावाजवळ, पबच्या समोर, दहा बोटींच्या रांगेत मधोमध बांधलीत तर पहाटे निघणं म्हणजे दहा घरांची झोप मोडणं. त्याऐवजी गावात जेवून घ्या आणि उजेड असेतो मैलभर पुढे जाऊन टोपाथच्या बाजूला, शेताकडेला बोट बांधा. ट्रस्टच्या कालव्यांवर टोपाथच्या बाजूला बहुतेक ठिकाणी असं बांधता येतं. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर आणि बोट वळवण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागी मात्र नाही.

काठाला लोखंडी पत्रा असेल तर त्यात अडकवायचे आकडे वापरा, नुसती माती असेल तर खुंट्या. खुंटी ठोकायच्या हातोड्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो, हेही आकड्यांना प्राधान्य देण्याचं एक कारण. पाण्याची टाकी आणि संडासाची व्यवस्था संध्याकाळीच बघून घ्या. सहा वाजता नळावर होजपाइप लावून उभं राहायचं आणि वरून पहाटेच्या शांततेचं कौतुक करायचं, हे जुळत नाही.

उठल्यापासून निघेपर्यंत काय करायचं?

आधी चहा. तो गॅसवर होतो, त्याला इंजिन लागत नाही. चहा थर्मासमध्ये भरा, कारण पुढचा तास हात रिकामे नसतात.

मग मागच्या टोकाला या. इंजिनचं झाकण उघडून डिपस्टिकवर ऑइल बघा. किल्ली बंद, खिशात, आणि मग प्रोपेलरवरची छोटी हौद्यासारखी पेटी उघडून आत हात घाला. पाणी बर्फासारखं असतं आणि बोटांना काय लागेल सांगता येत नाही: शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी, कोणाचा तरी जुना टी-शर्ट. काय ते काढा आणि झाकण घट्ट लावा, अगदी घट्ट. ते सैल राहिलं तर प्रोपेलर सुरू झाल्यावर पाणी आत येतं आणि बोट बुडू शकते. रोज ही पेटी उघडायची गरज नसते, पण आदल्या दिवशी बोट रडतरखडत चालली असेल तर उघडाच.

दवाने दोर भिजून जड झालेले असतात. मागचा आणि पुढचा दोर सोडून गुंडाळून वर ठेवा, टोक पाण्यात लोंबू देऊ नका. सुटलेला दोर थेट प्रोपेलरला जाऊन गुंडाळतो. बोटीच्या कडेने जी चार बोटं रुंद पट्टी असते तिच्यावरून पहाटे चालू नका, छपरावरून तर नाहीच. दव पडलेला रंगवलेला पत्रा शेवाळलेल्या पायरीइतका निसरडा असतो. आतून जा.

आता इंजिन. किल्ली गरम होण्याच्या खुणेवर काही सेकंद धरा, मग सुरू करा. दुसऱ्याने बांबूने मागचं टोक काठापासून ढकलायचं, कारण काठाला पाणी उथळ असतं आणि प्रोपेलर तिथे चिखल घुसळतो. मागचं टोक खोल पाण्यात आलं की हलकेच रिव्हर्स घ्या, मधोमध आलात की पुढे.

टिलर उलटा चालतो म्हणतात, ते काय?

टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. अर्ध्या तासात हाताला कळतं, डोक्याला कळायला दोन दिवस लागतात. बोट साधारण मध्यावर फिरते, म्हणजे नाक एकीकडे गेलं की तुमचं टोक दुसरीकडे जातं. ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणूला जवळजवळ काही अर्थ उरत नाही.

वेग किती ठेवायचा?

मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आतच. प्रत्यक्षात लँगॉथलेनवर प्रवाहाविरुद्ध जाताना टोपाथवरून कुत्रा फिरवणारे आजोबा तुम्हाला मागे टाकतात.

मागे वळून बघायची सवय लावा. तुमच्या मागे काठावर लाट फुटत असेल तर वेग जास्त आहे. इंजिन कितीही रेटलं तरी उथळ कालव्यात मागचं टोक पाण्यात खाली बसतं, काठ धुपतो, डिझेल जळतं, वेग मात्र वाढत नाही. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी किमान वेगावर आणा, आणि तेही पहिल्या बोटीच्या चार-पाच बोटी आधी. जड बोट जाताना पाणी ओढून घेते आणि बाजूच्या बोटी दोरांना हिसके देतात. दुपारी आतला माणूस खिडकीतून रागाने बघतो. पहाटे तो झोपेतून उठून बघतो.

पहाटे लॉक पार करता येतं का?

बहुतेक लॉक आपली आपणच चालवायची असतात, त्यामुळे वेळेचं बंधन नाही. अपवाद ग्रिंडली ब्रूकचा. तिथे सहा लॉक आहेत आणि त्यांतली तीन जिन्यासारखी एकाला एक जोडलेली. हंगामात तिथे लॉककीपर असतात. त्यांच्या आधी पोचून रांगेत पहिला नंबर लावा, पण जिना स्वतःहून चढायला जाऊ नका. कुठल्या क्रमाने पाणी सोडायचं ते चुकलं तर टोपाथवर पूर येतो.

साध्या लॉकला पहाटे घाई नको एवढंच. एक माणूस विंडलास घेऊन काठावर उतरतो. विंडलास म्हणजे एल आकाराचा हँडल; तो दात्यांच्या चक्रावर बसवून फिरवला की पाण्याखालची झडप उचलली जाते. तिलाच पॅडल म्हणतात. पॅडल चढताना, चक्र उलटं फिरू न देणाऱ्या अडकणीचा कट-कट-कट आवाज होतो. झोपलेल्या वस्तीजवळ तो कानाला फार लागतो, पण तो बंद करायला अडकण हाताने उचलून धरू नका. हातातून निसटलेला विंडलास गरगर फिरून मनगट मोडतो. उतरवताना मात्र पॅडल धाडकन सोडू नका, फिरवत खाली आणा. आवाज आणि मोडतोड दोन्ही वाचतात.

लॉकमधून खाली उतरत असाल तर मागच्या दरवाजाजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो आणि त्याची हद्द दाखवणारी पांढरी खूण भिंतीवर. मागचं टोक त्या खुणेच्या पुढे ठेवा. टोक उंबऱ्यावर टेकलं आणि पाणी उतरत गेलं तर बोट नाकावर कलते आणि बुडते. कालव्यावरच्या गंभीर अपघातांत हा प्रकार वारंवार दिसतो. अर्धवट झोपेत असाल तर आधी तोंड धुवा. पाणी वर-खाली होताना आत कोणी चहा उकळत ठेवू नये. बोट भिंतीला आपटते.

एका लॉकला एक-सव्वा लाख लिटर पाणी लागतं. म्हणून बाहेर पडल्यावर सगळी पॅडलं बंद आहेत आणि दरवाजे लावले आहेत हे बघूनच पुढे जा. रात्रभर गळलेलं एखादं पॅडल लॉकच्या वरच्या बाजूचा कालवा कोरडा करून ठेवतं आणि पहाटे पहिल्या येणाऱ्याची बोट चिखलात रुतते.

धुकं असेल तर?

शरद ऋतूत असतंच. पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि वरची हवा रात्रीत गार पडते, म्हणून कालव्यावर वाफेसारखा थर तरंगतो. गुडघाभर धुकं असेल तर निघायला हरकत नाही. तुम्ही मागे उभे असता, डोकं त्याच्या वर असतं. पण स्वतःच्याच बोटीचं पुढचं टोक दिसत नसेल तर निघू नका. वळणावर आणि आंधळ्या पुलाआधी एक लांब हॉर्न द्यायचा असतो, पण वस्तीजवळ सहा वाजता हॉर्न मारत जाण्यापेक्षा दुसरा थर्मास भरलेला बरा. ऊन वर आलं की अशी धुकी बहुधा नऊपर्यंत विरतात.

पॉन्टकसथ्टेचा जलसेतू पहाटे ओलांडता येतो का?

येतो, आणि शक्य असेल तर पहाटेच ओलांडा.

टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला हा जलसेतू 1805 साली खुला झाला. डी नदीच्या दरीवरून 38 मीटर उंचीवर 307 मीटर लांबीची बिडाची पन्हळ जाते, खाली 18 दगडी खांब. 2009 साली युनेस्कोने त्याला आणि आजूबाजूच्या कालव्याला जागतिक वारसा ठरवलं. आकडे वाचून काही कळत नाही. टिलर धरून उभे राहिल्यावर कळतं की एका बाजूला टोपाथ आणि कठडा आहे, आणि दुसऱ्या बाजूला पन्हळीची वीतभर कड सोडली तर काही नाही. खाली झाडांचे शेंडे.

दिवसा इथे चालणारे, फोटो काढणारे, कयाकवाले यांची रीघ असते. एका वेळी एकच बोट जाऊ शकते, त्यामुळे समोरच्याची वाट बघावी लागते. न्यू मार्टनच्या दोन लॉकनंतर लँगॉथलेनपर्यंत एकही लॉक नाही, म्हणून पहाटेच्या प्रवासाला हा पट्टा सोपा जातो. आदल्या रात्री जलसेतूच्या अलीकडे, फ्रॉनकसथ्टे गावाजवळ बांधा आणि उजाडल्यावर हळूहळू निघा. बोट भरकटायची भीती नाही, पन्हळच तिला धरून ठेवते. उंचीची भीती असणाऱ्यांनी आत बसून टोपाथच्या बाजूच्या खिडकीतून बघावं; मुलांना मात्र आत किंवा पुढे बसवून, मोठ्यांच्या नजरेखाली.

या जलसेतूच्या आधी वाटेत चर्कचा जलसेतू आणि त्याला लागून सुमारे 420 मीटरचा बोगदा लागतो. बोगद्यातही एकच बोट मावते. आत शिरण्याआधी पलीकडून दिवा दिसत नाही ना, बघा.

जलसेतूच्या पलीकडे, ट्रेव्हर ते लँगॉथलेन कालवा फार अरुंद आहे असं ऐकलं…

बरोबर ऐकलंत. काही तुकड्यांत दोन बोटी एकमेकींना ओलांडूच शकत नाहीत. एका माणसाने पुढे चालत जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचं आणि मागच्याला फोन करायचा. लँगॉथलेनहून परतणाऱ्या बोटी न्याहारी करून निघतात. त्याआधी तुम्ही वर पोचलात तर हा सगळा खटाटोप बराच हलका होतो. गावाच्या धक्क्यावरून घोड्याने ओढलेल्या प्रवासी बोटीही निघतात, ही परंपरा 1884 पासूनची.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. झेपेल?

लॉकचे दरवाजे ढकलायला आणि काठावर उड्या मारायला त्यांना लावू नका, मग झेपेल. आत उतरायला दोन-तीन उंच पायऱ्या असतात, तेवढ्या चढता-उतरता यायला हव्यात. पहाटेची सगळ्यात चांगली जागा त्यांचीच: पुढच्या टोकाचा छोटा सज्जा. इंजिन पन्नास फूट मागे असल्याने तिथे फक्त पाणी कापल्याचा आवाज येतो. टिलर धरणारा बिचारा लवकर उठतो आणि धडधड ऐकत राहतो. पांघरूण गुंडाळून पुढे बसलेल्या बाबांना खंड्या दिसतो. राखी बगळा तर प्रत्येक वळणावर असतो, बोट जवळ आली की वैतागून शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा उभा राहतो. पाणकोंबड्या लव्हाळ्यांत सटकतात.

थंडी किती?

मेमध्येही पहाटे चार-पाच अंश असू शकतं आणि टिलरवर माणूस हलत नाही, त्यामुळे ती हाडात शिरते. लोकरीचे थर, वारा अडवणारं जाकीट, हातमोजे. माकडटोपी आणलीत तर कोणी हसणार नाही, बघायला कोणी नसतंच. बोटीत लाकडं-कोळशाची शेगडी असेल तर रात्री सगळ्या खिडक्या आणि झरोके बुजवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोटीत असायलाच हवा, भाड्याने घेताना बटण दाबून तो वाजतो का बघा.

पाण्यात पडलो तर?

कालवा बहुतेक ठिकाणी कंबर ते छातीएवढा असतो, उभे राहा. टिलरवरच्याने ताबडतोब इंजिन न्यूट्रलला आणायचं, धोका प्रोपेलरचा आहे. लॉकमध्ये पडणं वेगळं, तिथे पाणी खोल असतं आणि बोट भिंतीला चेपते. थंड पाण्याने दम लागतो, म्हणून मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना लाइफजॅकेट. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो मुंबईकरांना नव्याने सांगायला नको; तो इथेही आहे. हाताला जखम असेल तर झाकून ठेवा, खाण्याआधी साबणाने हात धुवा, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचं सांगा.

शेवटच्या दिवशी काय?

बोट परत द्यायची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी नऊच्या आसपास असते, म्हणजे त्या दिवशी हौस असो वा नसो, पहाटेच निघावं लागतं. आदल्या रात्री बोट परत द्यायच्या जागेपासून तासाभराच्या अंतरावर बांधा आणि मधे लॉक येत नाही ना ते नकाशात बघा. बॅगा रात्रीच भरा. उरलेले पोहे सकाळी संपवा, आणि भांडी धुवायला ज्याने आठवडाभर टिलर सोडला नाही त्याला बसवा.